परदेशी विद्यापीठाच्या प्रतिनिधीस काय विचारावे?

अमेरिकन विद्यापीठाच्या प्रतिनिधीस भेटणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी बहुधा स्वतःविषयी काय सांगावे एवढ्यापुरतीच असते. वस्तुतः पीएच.डी.चा प्रवेश बहुतेक ठिकाणी विभागातील प्राध्यापकांची समिती ठरविते. प्रतिनिधीपुढे गुणपत्रिका मांडून फारसे साधत नाही. विचारावयाचे ते पैशाविषयी, आणि नेमका तेथेच आपला संकोच आड येतो. शिक्षणशुल्क माफ झाले तरी इतर शुल्के कोणी भरावयाची? विद्यावेतन किती वर्षे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मिळते काय? होकार तत्काळ द्यावा, असा आग्रह झाल्यास ते विद्यापीठ ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’च्या ठरावात सहभागी आहे काय, हे अवश्य पाहावे. त्या ठरावानुसार आर्थिक साहाय्याच्या देकारास १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नाही.