विलापिका : वृत्त व नादरचना

प्रिय व्यक्तीच्या मृत्यूने झालेला शोक व त्यातून उद्भवलेले चिंतन व्यक्त करणारी भावकविता म्हणजे विलापिका. प्राचीन ग्रीक काव्यात ही संज्ञा विषयावरून नव्हे, तर छंदावरून ठरे : सहा गणांची एक व पाच गणांची दुसरी अशा विषम ओळींची निर्यमक द्विपदी हे तिचे लक्षण होय. संस्कृतातही विलापासाठी विषम चरणांचीच निवड झालेली आढळते. कुमारसंभवातील रतिविलाप (सर्ग ४) व रघुवंशातील अजविलाप (सर्ग ८) यांसाठी कालिदासाने वियोगिनी हे अर्धसमवृत्त योजिले. त्याच्या विषम चरणात १० अक्षरे (स स ज ग) व सम चरणात ११ अक्षरे (स भ र ल ग) असतात. दोहोंतील भेद एवढाच, की सम चरणात तिसऱ्या अक्षरानंतर एक गुरू अधिक येतो. त्या ठिकाणी दोन गुरू लागोपाठ आल्याने लय क्षणभर अडखळते. हुंदक्याचा आभास होतो तो यामुळेच.

विरहकाव्य असलेल्या मेघदूताचे मंदाक्रांता हे वृत्त १७ अक्षरी असून त्यात ४, ६ व ७ अक्षरांवर यती येतो. आरंभीचे चार गुरू पावले जड करतात, पुढील पाच लघू ती एकदम सोडवितात. रोहे येथे बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख (१८९६–१९८२) यांनी या काव्याचा मराठी पद्यानुवाद केला. शोकातून श्लोक जन्मला, अशी रामायणातील कथा आहे. त्या अनुष्टुभाला पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी गीताईत (१९३२) मराठी वळण दिले. सोप्या मराठी गीतेची इच्छा त्यांच्या आईची होती. ती १९१८ मध्येच निवर्तली होती. गीताई ही अर्थातच विलापिका नव्हे. परंतु यमकावाचून मराठी श्लोक किती गंभीर व स्मरणसुलभ होऊ शकतो, हे तीवरून दिसते.

तथापि यमक शोकाला मारकच ठरते, असे नाही. टेनिसनच्या इन मेमोरियममध्ये (१८५०) चार ओळींच्या कडव्यातील पहिल्या ओळीचे यमक चौथीत जुळते. मधल्या जोडीमुळे ते विसरल्यासारखे होते आणि मग परतते. गोविंदाग्रजांच्या (१८८५–१९१९) ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत शीर्षकाचीच ओळ ध्रुपदासारखी पुनःपुन्हा येते. शब्द तेच राहतात. मात्र आई ‘निजला’ म्हणते तेव्हा वाचकाला ‘मेला’ असे ऐकू येते, आणि प्रत्येक आवर्तनागणिक हे अंतर वाढत जाते.