छोट्या संस्था आणि त्यांचे दप्तर

दलित समाजात संस्था काढण्याची परंपरा जुनी आहे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ती १८६० च्या एकविसाव्या कायद्याखाली रीतसर नोंदवली गेली. वसतिगृहे काढणे, वाचनालये व अभ्यासमंडळे चालवणे ही तिची उद्दिष्टे होती. जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात तिचे वसतिगृह सुरूही झाले. म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सार्वजनिक कार्याच्या आरंभापासूनच घटना, कार्यकारी मंडळ आणि नोंदणी या गोष्टी चळवळीचा भाग होत्या.

आज त्याच कायद्याखाली गावोगावी आपली मंडळे, विहार समित्या, वाचनालये नोंदलेली आहेत. लोकांनी मजुरीच्या पैशातून वर्गणी देऊन ती उभी केली. त्यांतल्या पुष्कळ संस्था दहा-पंधरा वर्षांत दोन गटांत फुटतात आणि प्रकरण कचेरीत जाते. तेथे भाषणे उपयोगी पडत नाहीत, कागद विचारला जातो. म्हणून हा कागद काय आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

दोन नोंदण्या

महाराष्ट्रात संस्थेची नोंदणी दुहेरी असते. किमान सात व्यक्तींनी एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची. शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंद करायची. हिचा क्रमांक ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. तेथील नोंदवहीच्या उताऱ्याला ‘परिशिष्ट एक’ म्हणतात. संस्थेचे विश्वस्त कोण आणि तिची मालमत्ता कोणती, हे या उताऱ्यावर लिहिलेले असते. शेतकऱ्याला सातबारा जसा, तसा संस्थेला हा उतारा.

सात सह्यांची अट पुरी करण्यासाठी एकाच घरातील माणसे बसवण्याची पद्धत पडली आहे. कायदा त्याला सरसकट मना करत नाही. पण वर्गणी वस्तीची आणि विश्वस्त एका घरचे, अशी संस्था समाजाची राहत नाही.

बदल अर्ज

सर्वांत अधिक नुकसान होते ते येथे. अध्यक्ष वारला, सचिवाने राजीनामा दिला, नवी निवडणूक झाली किंवा संस्थेने जागा घेतली, तर असा कोणताही बदल कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच बदल अर्ज म्हणतात. सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठराव, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला हे सारे त्यासोबत लागते.

आपल्याकडे सभा होते, हार घातले जातात, पण अर्ज जात नाही. पाच वर्षांनी दुसरी निवडणूक होते, तोही बदल नोंदला जात नाही. वीस वर्षांनी उतारा काढावा तर त्यावर सारी मृतांचीच नावे! मग ज्यांचे नाव नोंदवहीत नाही त्यांनी सभा बोलावली कशी, असा आक्षेप येतो आणि सगळ्या निवडणुका वादात सापडतात. बँक खाते थांबवते, अनुदान अडते. उशीर झाला असला तरी कारण दाखवून विलंब माफीसह अर्ज करता येतो. जुने बदल क्रमाने नोंदवून घेणे हाच मार्ग आहे.

जागा आणि पैसा

संस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, बक्षीस देणे किंवा अदलाबदल करणे हे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध होत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देण्यासही हीच अट आहे. विहारालगतची जागा कुणी परस्पर कागद करून दिली असेल, तर कलम ३६ हे वस्तीच्या हातचे शस्त्र आहे. मात्र ती जागा ‘परिशिष्ट एक’वर संस्थेच्या नावे चढलेली असावी. एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर घेतलेली जागा त्याच्यामागे वारसांकडे जाते.

जयंतीची वर्गणी असो की मोठी देणगी, पावती फाडलीच पाहिजे आणि रक्कम कीर्दीत आली पाहिजे. हिशेब सादर करण्यात सतत कसूर करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित किंवा पदच्युत करता येते. आयकराच्या सवलतीची नोंदणीही २०२१ पासून कायमची राहिलेली नाही. मुदत संपण्यापूर्वी ती नवी करून घ्यावी लागते.

इंग्लंड-अमेरिकेतील बांधव मदत पाठवतात. पाठवणाऱ्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर तो आपला सख्खा भाऊ असला तरी त्याची देणगी ही परदेशी देणगी ठरते. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती संस्थेने स्वीकारू नये.

संस्थापक आणि संस्था

हे सारे कारकुनी काम आहे, चळवळीचे नव्हे, असे काहीजण म्हणतील. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बौद्ध भिक्षुसंघाची आठवण दिली होती. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे नियम संघाला ठाऊक होते आणि तो ते पाळत होता, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही दिला. ‘ज्यांनी संस्था काढली त्यांना हिशेब कसा विचारायचा?’ असे जेथे म्हटले जाते, तेथे हीच व्यक्तिपूजा लहान प्रमाणात चालू असते. इतिवृत्ताच्या वहीत विरोधी मत नोंदले गेले, तर संस्थेतल्या सर्वांत गरीब सभासदालाही आवाज मिळतो.

तेव्हा पुढच्या सभेपूर्वी प्रत्येक संस्थेने ‘परिशिष्ट एक’चा ताजा उतारा काढावा आणि सभेत मोठ्याने वाचावा. त्यावर नावे कुणाची आहेत आणि जागा कोणती लिहिली आहे, हे सभासदांना ऐकू द्यावे. पुढचे काम त्यातूनच ठरेल.