शाळेच्या भिंतीवरील बिनतारी जोडणी : बसविण्याची व सुरक्षित राखण्याची रीत

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ते छत्रपती संभाजीनगर या हमरस्त्यावरील गाव. गुरांच्या बाजारामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे, आणि शनिशिंगणापूरकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. अशा गावातील प्राथमिक शाळेत आज खडू आणि फळा यांच्या जोडीला आणखी एक साधन येऊ लागले आहे. ते म्हणजे भिंतीवर बसविलेली बिनतारी जोडणीची लहानशी पेटी. तिला ‘ॲक्सेस पॉइंट’ असे म्हणतात. तारेने शाळेपर्यंत आलेली इंटरनेटची जोडणी ही पेटी लहरींच्या रूपाने वर्गात पसरविते आणि शिक्षकांचा मोबाईल, संगणक व मुलांचे टॅब यांना ती एकाच वेळी मिळू शकते.

या साधनाची गरज आता वेगळी पटवून द्यावयास नको. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील पाठांशी जोडलेले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे त्या वेळचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याचे त्यांचे कार्य सर्वत्र माहीत झाले. शिवाय शाळेची व विद्यार्थ्यांची माहितीही आता इंटरनेटवरूनच भरावी लागते. तात्पर्य, पेटी हवी की नको हा प्रश्न उरलेला नाही. ती कशी बसवावी आणि बसविल्यावर कशी राखावी, एवढाच प्रश्न आहे. हे काम घाईने केल्यास दोन प्रकारचे धोके संभवतात. एक शरीराला, म्हणजे वीज, शिडी व भिंत यांपासून; आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा, म्हणजे उघड्या राहिलेल्या जोडणीतून मुलांच्या माहितीला. या दोहोंचा विचार क्रमाने करणे इष्ट होय.

लहरींचा स्वभाव

पेटीतून निघणाऱ्या लहरी रेडिओच्या लहरींच्याच कुळातील आहेत, परंतु लांबीने फार आखूड. अशा आखूड लहरींवर आपल्याच देशात जगदीशचंद्र बसू यांनी पायाभूत संशोधन केले. १८९५ साली कोलकात्यात त्यांनी मधल्या भिंतींतून लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आजच्या पेट्या मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत चालतात. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभराहून कमी असते. ती भिंत ओलांडून जरा दूर जाते. दुसऱ्या पट्ट्यातील लहर वेगाने अधिक माहिती वाहते, परंतु जाड भिंतीपुढे लवकर दमते. धातूचा पत्रा लहरींना परतवितो, तर पाणी त्यांना शोषून घेते. एवढी गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे जागा निवडण्याचे निम्मे काम झाले.

या लहरींनी मुलांच्या प्रकृतीस अपाय होईल काय, अशी शंका पालकांकडून येणे स्वाभाविक आहे. तिला शांतपणे उत्तर द्यावे. शाळेत वापरल्या जाणाऱ्या पेटीची लहरशक्ती सामान्यतः वॅटच्या एक-दशांशाच्या आसपास असते, आणि अंतर वाढले की तिची तीव्रता झपाट्याने घटते. या लहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंमधील इलेक्ट्रॉन उडवू शकणाऱ्या नाहीत. पेटी डोक्यावरच्या उंचीला बसविली, तर बाकावरील मुलापर्यंत पोचणारी लहर कानाशी धरलेल्या मोबाईलच्या लहरीपेक्षा कितीतरी क्षीण असते.

जागेची निवड

भिंतीला भोक पाडण्यापूर्वी पेटी टेबलावर किंवा शिडीच्या पायरीवर तात्पुरती चालू करून ठेवावी आणि मोबाईल हाती घेऊन वर्गाच्या चारही कोपऱ्यांत फिरून जोडणी पाहावी. ही अर्ध्या तासाची पाहणी पुढची बरीच दुरुस्ती वाचविते. जागा शक्यतो वापराच्या खोल्यांच्या मध्यभागी असावी. जुन्या शाळेची भिंत जाड दगडी असेल, तर एका पेटीची जोडणी पलीकडच्या खोलीत नीट पोचेलच असे नाही. तेथे दुसऱ्या पेटीची तरतूद करणे बरे. लोखंडी कपाटाच्या मागे, पत्र्याच्या छताला चिकटून, पाण्याच्या टाकीशेजारी किंवा पोषण आहाराच्या चुलीच्या वाफेत पेटी बसवू नये. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल धरते ती भिंतही वर्ज्य समजावी.

उंची जमिनीपासून सुमारे अडीच मीटर असावी. मुलांचा हात पोचू नये, चेंडू लागू नये, आणि तरीही पेटीवरील दिवे खालून दिसावेत, अशी ती उंची आहे. दरवाज्याच्या नेमके वर, किंवा मुले ज्या बाकांवर बसतात त्यांच्या माथ्यावर पेटी लावण्यापेक्षा कोऱ्या भिंतीचा भाग पसंत करावा.

भिंतीत दडलेल्या विजेच्या तारा बहुधा बटणांच्या फळीपासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडव्या गेलेल्या असतात. म्हणून अशा फळीच्या रेषेत भोक कधीही पाडू नये.

आधी टेबलावर, मग भिंतीवर

पेटी भिंतीवर चढविण्यापूर्वीच तिची मांडणी पूर्ण करणे सोयीचे असते. पेटीच्या पाठीवर तिचा क्रमांक व आरंभीचा पासवर्ड छापलेला असतो. एकदा ती भिंतीला बसली की ते वाचता येत नाही. तेव्हा ही माहिती प्रथम जडसंग्रह नोंदवहीत उतरवून घ्यावी. मांडणीची कामे पुढील क्रमाने करावीत.

पहिले, व्यवस्थापकाचा आरंभीचा पासवर्ड बदलावा. एकाच नमुन्याच्या अनेक पेट्यांना कारखान्यातून सारखाच पासवर्ड येण्याची शक्यता असते, आणि तो कोणालाही शोधून काढता येतो. दुसरे, पेटीतील आज्ञावली अद्ययावत करून घ्यावी. जुन्या आज्ञावलीतील उणिवा हीच चोरवाट असते. तिसरे, जोडणीचे संरक्षण ‘डब्ल्यूपीए ३’ किंवा निदान ‘डब्ल्यूपीए २’ या पद्धतीचे ठेवावे. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत २००१ सालीच कुचकामी असल्याचे सिद्ध झाले आहे; ती निवडू नये. चौथे, केवळ बटण दाबून जोडणी देणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद ठेवावी. पाचवे, शाळेच्या कामकाजाचा संगणक एका जोडणीवर आणि मुलांचे टॅब व पाहुण्यांचे मोबाईल दुसऱ्या स्वतंत्र जोडणीवर ठेवावेत. सहावे, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी जी वाहिनी शेजारच्या पेट्यांनी कमी व्यापली असेल ती निवडावी. या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत.

संरक्षणाच्या या पद्धतीने नेमके काय साधते, हे गुरांच्या बाजारातील एका जुन्या चालीवरून सहज समजेल. गाय-बैलाचा सौदा करताना उपरण्याखाली हात घालून, बोटे धरून दर ठरविण्याची रीत महाराष्ट्रातील बाजारांत पूर्वापार आहे. भोवती माणसे उभी असतात. दोघांत सौदा चालला आहे हे त्यांना दिसते, पण आकडा कळत नाही. बिनतारी लहरी तर भिंतीबाहेर रस्त्यापर्यंत जातात, आणि त्या वाटेतील कोणालाही घेता येतात. ‘डब्ल्यूपीए’ हे त्यांच्यावरचे उपरणे आहे. लहर मिळाली तरी तिच्यातील मजकूर पासवर्ड नसलेल्या परक्याला उमगत नाही. जोडणी पासवर्डाविना ठेवणे म्हणजे भर बाजारात दर ओरडून सांगणे होय.

वीज, शिडी आणि भिंत

प्रत्यक्ष बसविण्याचे काम सुटीच्या दिवशी, मुले शाळेत नसताना करावे. विजेचे नवे ठिकाण काढावयाचे असल्यास ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरगुती वीज २३० व्होल्टची असते आणि ती चूक माफ करीत नाही. या कामात शिक्षकाने हौसेने हात घालू नये.

भोक पाडताना त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करावा आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी. बॅटरीवरील ड्रिल असल्यास अधिक चांगले. बंद केलेला पुरवठा खरोखरच बंद झाला की नाही हे टेस्टरने पाहावे. पण तत्पूर्वी तोच टेस्टर चालू असलेल्या ठिकाणी लावून तो पेटतो याची खात्री करून घ्यावी. बिघडलेला टेस्टरही पेटत नाही, आणि त्याच्या भरवशावर अनेकांनी हात भाजून घेतले आहेत. बंद केलेल्या बटणाजवळ एक माणूस उभा करावा, म्हणजे कोणी न कळत ते चालू करणार नाही.

शिडी कोरड्या, सपाट जमिनीवर टेकवावी व दुसऱ्याने ती धरावी. बाकावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल हा प्रकार पूर्णपणे टाळावा. भोक पाडणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावावा. विटांच्या भिंतीत प्लॅस्टिकच्या गिट्टीच्या मापाचेच भोक पाडून त्यात स्क्रू आवळावा. दगडी भिंतीत सांधा टाळून दगडातच, ठोका देणाऱ्या ड्रिलने भोक पाडावे. मातीत बांधलेल्या, गिलावा सुटणाऱ्या भिंतीवर मात्र प्रथम चार ठिकाणी घट्ट धरलेली लाकडी फळी बसवून तिच्यावर पेटीची पट्टी लावावी. पट्टी बसल्यावर ती हाताने ओढून पाहावी; हलली तर पेटी चढवू नये.

बहुतेक पेट्यांना आता वेगळी वीज लागत नाही; इंटरनेटची तारच सुमारे ४८ व्होल्टची वीज वाहून नेते. ही ‘पीओई’ पद्धत २००३ साली प्रमाणित झाली. तिच्यामुळे उंचावर २३० व्होल्ट नेण्याची गरज उरत नाही, हा तिचा मोठा लाभ आहे. मात्र वीज देणारा इंजेक्टर पेटीच्या पाठीवर लिहिलेल्या व्होल्टचाच असावा. तारेची लांबी १०० मीटरहून अधिक नसावी, आणि ती विजेच्या तारेसोबत एकाच नळीतून नेऊ नये. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची तार ओढल्यास वळिवाच्या विजेचा आघात तिच्या वाटेने आत येऊ शकतो. तेथे ऑप्टिकल फायबर वापरणे श्रेयस्कर. ढग गडगडू लागण्याची चिन्हे दिसताच इंजेक्टर प्लगमधून काढून ठेवावा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारांना हात लावू नये.

कुलूप कोणाच्या हाती

घोडेगावपासून जवळच असलेल्या शनिशिंगणापुरात घरांना कवाडे नसण्याची परंपरा आहे. २०११ साली तेथे एका बँकेनेही दाराला कुलूप नसलेली शाखा उघडली. ही श्रद्धेची गोष्ट आहे, आणि तेथे येणारा-जाणारा माणूस शेजाऱ्यांना दिसत असतो. बिनतारी जोडणीत शिरणारा मात्र कोणालाच दिसत नाही. तो रस्त्यावरच्या वाहनात बसलेला असू शकतो. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी असे सारे असते. पालकांनी ते शाळेवर विश्वासून दिलेले असते. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला, आणि त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीची विशेष काळजी सांगितली आहे. पहिलीच्या मुलाला आपली जन्मतारीख कोणी वाचली हे कळणार नाही आणि त्याबद्दल तो तक्रारही करणार नाही. म्हणूनच त्याच्या वतीने शाळेने जागरूक राहावयाचे असते.

यास्तव जोडणीचा पासवर्ड फळ्यावर किंवा भिंतीवर लिहू नये. तो लांब असावा. शाळेचे नाव, गावाचे नाव किंवा स्थापनेचे वर्ष त्यात नसावे. व्यवस्थापकाचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. एखाद्या शिक्षकाची बदली झाली, म्हणजे त्यांना निरोप देतानाच पासवर्ड बदलण्याची नोंद करावी. यात अविश्वास नाही. किल्ल्यांचा जुडगा परत घेण्यासारखीच ही रीत आहे. मुलांच्या जोडणीवर अयोग्य मजकूर रोखणारी गाळणी लावावी. तरी वर्गात शिक्षकाचे लक्ष हीच खरी गाळणी होय.

नित्याची देखभाल

दर महिन्याला पेटीवरील धूळ कोरड्या कापडाने पुसावी, पट्टीचे स्क्रू पाहावेत, तार उंदरांनी कुरतडली नाही ना हे तपासावे. दर सत्राच्या आरंभी आज्ञावली अद्ययावत करावी व जोडलेल्या यंत्रांची यादी पडताळावी. अनोळखी नाव आढळल्यास पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. उन्हाळी सुटीत पेटीचा वीजपुरवठा बंद ठेवावा.

पेटी बसविण्यास एक दिवस पुरतो; तिची राखण मात्र वर्षभर करावी लागते. शाळेतील तिजोरी, औषधांची पेटी व पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्याकडे मुख्याध्यापक ज्या जबाबदारीने पाहतात, त्याच जबाबदारीने भिंतीवरील या लहानशा पेटीकडेही पाहिले गेले, तर दूरच्या खेड्यातील मुलासही जगाचे ज्ञान निर्धास्तपणे मिळेल.