खळ हवी की नको? (लेखमाला ‘पानामागचं पान’ : भाग सातवा)

मागच्या भागात नाइलकाठच्या पपायरसचं पान कसं तयार होतं ते पाहिलं. आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातली ही वनस्पती. तिच्या गाभ्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या रचायच्या, थापायच्या, दाबून वाळवायच्या. असं पान मजबूत कसं करायचं आणि त्याला बुरशीपासून कसं राखायचं, हे दोन प्रश्न बहुतेक वेळा एका दमात विचारले जातात, जणू एकाचं उत्तर सापडलं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल. माझ्या मते घोटाळा इथेच आहे. पानाला ताठपणा आणि बळकटी देणारा सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त पदार्थ म्हणजे पिठाची खळ, आणि बुरशीला आवडणारं सगळ्यात सोपं अन्नही तेच. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात या खळीची कृती देतो: चांगलं पीठ, उकळतं पाणी, वर व्हिनेगरचे चार थेंब, आणि ताकीद अशी की खळ एका दिवसाहून जुनी नको नि ताजीही नको. ती लावून पान मोगरीने ठोकायचं. हाच प्लिनी पुढे मोठ्या कौतुकाने सांगतो की ग्रॅकस बंधूंच्या हातचे, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे लेख आपण पाहिले. इटलीच्या हवेत दोनशे वर्षं म्हणजे नवल! आणि इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे २०१३ साली जे पपायरस सापडले, ते गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला जात असतानाचे, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. वनस्पती तीच, कृती जवळपास तीच. फरक पडला तो हवेच्या कोरडेपणामुळे.

हे एवढं लांबचं उदाहरण घेतलं ते आपल्या जवळच्या प्रश्नासाठी. डहाणू रोड स्टेशनवरून चारोटीच्या रस्त्याला लागलं की आशागड लागतं आणि पुढे गंजाड. वारली चित्र कुडाच्या भिंतीवरून कागदावर उतरलं ते याच पट्ट्यात. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी या पाड्यांवर आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचं चित्र भिंतीबाहेरच्या जगाला दिसू लागलं. म्हशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. या प्रवासाची कथा कलेच्या अंगाने पुष्कळदा सांगून झाली आहे. साहित्याच्या अंगाने ती क्वचितच सांगितली जाते. लग्नाचा चौक सवासिणी काढतात तो मुळी टिकावा म्हणून काढलेलाच नसतो. शेणाने सारवलेली, गेरूने रंगवलेली भिंत, तिच्यावर तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्न झालं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली, की चौक तिच्यात विरून जातो. बुरशी आली तरी तक्रार कोणाकडे करणार? तेच शेण, तोच गेरू आणि तोच तांदूळ कागदावर आला, त्याला किंमत लागली, काच चढली, की मात्र त्याने पन्नास वर्षं तग धरावा अशी अपेक्षा सुरू होते.

आता त्या कागदाकडे बुरशीच्या नजरेने पाहा. तांदळाची रेघ म्हणजे शुद्ध पिष्ट. रेघ धरून राहावी म्हणून रंगात घातलेला डिंक हवेतलं पाणी ओढून घेतो. खाली शेणाचा थर, आणि त्याखालचा कागद बाजारी असेल तर त्यालाही बहुधा खळ दिलेली. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीचे कण रुजू लागतात, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या या भागात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. अशा चित्राला बळकटी यावी म्हणून मागून आणखी एक कागद खळीने चिकटवणं म्हणजे पाहुण्याला जेवून झाल्यावर पुन्हा ताट वाढण्यासारखं आहे.

यावर पहिला आक्षेप आपल्या परंपरेतूनच येतो. जुन्नरी आणि दौलताबादी कागद खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटूनच तयार होत; पेशवाईतले मोडी कागद आजही वाचता येतात; मग खळ वाईट कशी? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात दोन गोष्टी एकत्र कालवल्या जातात. त्या कागदांचं बळ मुळात लांब, चिवट तंतूंचं होतं. खळ होती ती मुख्यतः शाई फुटू नये आणि पृष्ठभाग घोटता यावा म्हणून. घोटल्याने तंतू दबून घट्ट बसतात, म्हणजे काही मजबुती पदार्थ न वाढवता, नुसत्या दाबाने मिळते. शिवाय दप्तरांतले कागद कापडी रुमालात आवळून बांधलेले असत. घट्ट गठ्ठ्यात बाहेरची दमट हवा फार सावकाश शिरते. तेव्हा ते कागद टिकले त्याचं श्रेय खळीला देताना तंतू, घोटाई आणि रुमाल या तिघांचा हक्क मारला जातो.

दुसरा आक्षेप औषधाचा. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालत, त्याने बुरशी धरत नाही, मग तेच करावं. मोरचूद बुरशी मारतं यात शंका नाही. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण त्यासाठीच फवारतात. पण तांब्याचे क्षार कागदाच्या तंतूंनाही सोडत नाहीत, त्यांच्या सान्निध्यात तंतूंचं ऑक्सिडीकरण जोरात होतं. जुन्या लघुचित्रांत तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगाखालचा कागद नेमका तेवढाच तपकिरी, ठिसूळ झालेला दिसतो, कधी पानाची रेघ आहे तशी कापून निघावी तसा गळून पडतो. बुरशी दहा पावसाळ्यांत जे करील ते हे औषध शंभर उन्हाळ्यांत करतं, इतकंच. तुरटीची गोष्टही फार वेगळी नाही. ती आम्लता वाढवते. शेण मुळातच जंतुनाशक आहे असाही एक आवडता समज आहे. त्यातले चाऱ्याचे तंतू थराला धरून ठेवतात हे खरं, पण शेणावरच वाढणाऱ्या बुरश्यांचं एक मोठं कूळ आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओलं शेण घंटाकृती काचेखाली ठेवून ती विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवली जाते.

मग मजबुती आणायची कुठून? माझं उत्तर आधाराच्या तंतूतून, चिकटवण्यातून नव्हे. आणि हे उत्तर वारली चित्रकारांनी आधीच निवडलेलं आहे: कापड. मांजरपाटाचं बळ धाग्याच्या विणीत असतं, तो फाटू नये म्हणून त्याला काही पाजावं लागत नाही. मात्र इथे एक खाच आहे. विणताना ताणा तुटू नये म्हणून गिरणी धाग्याला खळ देते, आणि कोऱ्या मांजरपाटात ती तशीच असते. हाताला लागणारा तो कुरकुरीतपणा बऱ्याच अंशी तिचाच. कापड न धुता त्यावर शेण-गेरूचा हात फिरवला तर बुरशीची शिदोरी आत शिवल्यासारखी होते. तपासणं सोपं आहे. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून कापडाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकायचा. खळ असेल तर तो थेंब क्षणात निळा-काळा होतो, नसेल तर फिकट पिवळसर-तपकिरी राहतो. निळा झाला, तर कापड कढत पाण्यात भिजवून, चोळून, पुन्हा धुवायचं आणि थेंब पुन्हा टाकायचा. दोन-तीन धुण्यांत रंग उतरत जाताना दिसतो. चित्राच्या पांढऱ्या रेघेवर हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.

रेघेचं काय? चौकात तांदूळच हवा, तिथे तो केवळ रंग नाही. विकायच्या कागदावर मात्र त्याचा आग्रह धरण्याचं मला कारण दिसत नाही. खडूची पूड हा खनिज पदार्थ, तो बुरशीला खाता येत नाही, वर आम्लताही थोडी शोषतो. तो बांधायला डिंकाऐवजी मिथाइल सेल्युलोज चालतं. कागदाचं जतन करणारे ते वापरतात कारण पिष्टासारखं ते बुरशीला सहजी पचत नाही. बरेच चित्रकार आज सरळ ॲक्रिलिक पांढरा वापरतात, तोही वाईट नाही. फेविकॉल मिसळणं मात्र टाळावं: सुकल्यावर तो पुन्हा सुटत नाही, आणि जे सुटत नाही ते दुरुस्तही करता येत नाही. लॅमिनेशनला हाच आक्षेप, शिवाय आतली ओल आत कोंडण्याचा आणखी एक.

शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक. डहाणूच्या पावसाळ्यात कोरडी हवा आणायची कुठून, आणि पेटीत बंद केलं तर कुबट वास येतोच ना? वास येतो तो ओलं बंद केल्यामुळे. वैशाखात सावलीत नीट वाळलेली चित्रं साध्या कागदांच्या घड्यांत घालून, कापडात आवळून, पत्र्याची पेटी जवळजवळ भरेल अशी ठेवली, तर तो भरपूर कोरडा कागदच आतला दमटपणा बराच काळ सांभाळतो. अट इतकीच की पेटी श्रावणात उघडायची नाही आणि पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवायची नाही, कारण तिथे दिवसा तापतं, रात्री निवतं आणि आतल्या हवेला घाम फुटतो. जे चित्र भिंतीवरच हवं, ते पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर नको. चौकटीच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवावेत, म्हणजे चित्र आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर हवा खेळती राहते.