कुलाब्याच्या सागवानाची पृथ्वीप्रदक्षिणा

१९६४च्या डिसेंबरात मुंबईत, कुलाब्याला, बत्तीस फुटांची एक सागवानी बोट नारळ फोडून पाण्यात उतरली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. पर्शियाच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याचे नाव त्याने बोटीला दिले: सुहैली. आराखडा त्या काळीही जुनाच होता. बोट दोन्ही टोकांना निमुळती, अंगाने जड आणि चालीला संथ. मिस्त्रींची हत्यारे म्हणजे वाकस, पटाशी, दोरीने फिरवायचे गिरमिट. पाच वर्षांच्या आत या बोटीने एकट्या माणसाला घेऊन, कुठल्याही बंदराला न लागता, पृथ्वीला वळसा घातला. तोवर हे कोणालाच साधले नव्हते.

या शर्यतींचा इतिहास सहसा खलाशांच्या मनोबळाचा म्हणून सांगितला जातो. मला तो तितकाच बोट बांधणाऱ्यांचा वाटतो. त्यातली दोन मोलाची ठिकाणे आपल्याच किनाऱ्यावर आहेत, एक कुलाब्याला आणि एक गोव्यात.

एकट्याने जगाची फेरी जोशुआ स्लोकम यांनी १८९८मध्येच पुरी केली होती, पण वाटेत थांबत थांबत. १९६६-६७मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर फक्त सिडनीला थांबले. उरला होता तो विनाथांबा प्रवास. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने १९६८मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबरदरम्यान केव्हाही निघायचे. केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे लीविन आणि केप हॉर्न ही तिन्ही भूशिरे ओलांडून परत यायचे. खरी परीक्षा दक्षिण महासागरात. तिथे पश्चिमी वाऱ्याला आणि लाटेला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे लाटा हजारो मैल वाढत येतात.

नॉक्स-जॉन्स्टन यांना यासाठी मोठी पोलादी बोट बांधायची होती. पैसा कोणी देईना. तेव्हा भावाला आणि एका मित्राला सोबत घेऊन मुंबईहून इंग्लंडला आणलेली सुहैलीच त्यांनी तयार केली. १४ जून १९६८ला ते फाल्मथहून निघाले. काही आठवड्यांतच बोटीत पाणी येऊ लागले. तळाशी फळ्यांमधली फट उघडली होती. भर समुद्रात ते बोटीखाली बुडी मारून, श्वास धरून, त्या फटीत कापूस ठोकत राहिले. वरून तांब्याची पट्टी मारली. मध्येच शार्क आला. त्याला बंदुकीने मारून काम पुढे सुरू. पुढे आफ्रिकेच्या टोकाजवळ लाटेने बोट आडवी केली, केबिन जागची हलली, पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला. न्यूझीलंड सोडल्यावर कित्येक महिने त्यांचा पत्ताच नव्हता. या सगळ्यात सागवानी सांगाडा टिकून राहिला. मोडले ते बहुतेक हाताने दुरुस्त होण्यासारखे होते, आणि लाकडी बोटीचा हा गुण अशा प्रवासात वेगापेक्षा मोठा ठरतो.

नऊ जण निघाले होते. २२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी, फाल्मथला पोहोचला तो एकटा नॉक्स-जॉन्स्टन. बाकीच्यांपैकी तिघांविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बर्नार म्वातेसिए हा फ्रेंच माणूस हॉर्न ओलांडून आला होता. कदाचित सर्वांत कमी वेळाचे बक्षीस त्यालाच मिळाले असते. त्याने ते सोडले, केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीने निरोप फेकला आणि पुन्हा पूर्वेला वळून थेट ताहिती गाठले. डोनाल्ड क्रोहर्स्टची कथा फार दुःखाची आहे. तीन सांगाड्यांची त्याची बोट घाईघाईत, अर्धवट तयार झाली होती. ती दक्षिण महासागरात टिकणार नाही हे त्याला वाटेतच उमगले. घर गहाण होते, परतावे तर दिवाळे. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून प्रगतीची खोटी ठिकाणे कळवत राहिला. हा माणूस आपल्याला गाठतो आहे, या समजाने नायजेल टेटलीने स्वतःची खिळखिळी झालेली बोट पळवली. अझोर्सजवळ ती फुटून बुडाली. टेटली वाचला. जुलै १९६९मध्ये क्रोहर्स्टची बोट रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले ५,००० पौंडांचे बक्षीस त्याच्या कुटुंबाला दिले. क्रोहर्स्टला लबाड म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. अपुरी बोट घेऊन निघायला भाग पडलेला माणूस होता तो.

पुढे १९८९मध्ये फ्रान्सच्या ले साब्ल-द-ओलोनहून वाँदे ग्लोब ही एकट्याची विनाथांबा शर्यत सुरू झाली. पहिला विजेता तितुआँ लामाझू १०९ दिवसांत परतला, तर २०२५मध्ये शार्ली दालँ ६४ दिवसांत. साठ फुटी कार्बनच्या आताच्या बोटी पाण्यातल्या पंखांवर वर उचलल्या जातात. त्यांचे कौतुक आहेच. पण याच शर्यतीत १९९६च्या डिसेंबरात बुडणाऱ्या राफाएल दिनेलीसाठी पीट गॉस वादळात, वाऱ्याच्या तोंडावर, उलटा फिरला, ते मला कुठल्याही विक्रमापेक्षा मोठे वाटते.

आपल्याकडे हा धागा पुन्हा उचलला तो व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१च्या युद्धातले हे वीरचक्रविजेते निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहत. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने जगाची फेरी करावी, असा त्यांचा ध्यास. नौदलाचे दिलीप दोंदे पुढे आले आणि तयारीसाठी थेट नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली काम करून आले. बोट बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या आपल्या कारखान्यात. छप्पन्न फुटी ‘म्हादेई’. अशी बोट या कारखान्यात आधी कधी झाली नव्हती. तिच्यातून दोंदे २००९-१०मध्ये थांबे घेत जगाची फेरी करून मुंबईला आले. १ नोव्हेंबर २०१२ला अभिलाष टॉमी याच म्हादेईतून मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ला विनाथांबा परतले. हे करणारे ते पहिले भारतीय.

२०१८मध्ये गोल्डन ग्लोब पन्नास वर्षांनी पुन्हा भरली. अट अशी की साधने १९६८च्या काळातली हवीत: कागदी नकाशे आणि सेक्स्टंट. टॉमींसाठी दांडेकरांनी सुहैलीचीच प्रतिकृती घडवली, ‘थुरिया’. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींचा मणका जायबंदी झाला. हलताही येत नव्हते. तीन दिवस ते त्या बोटीतच पडून होते, आणि बोट तरंगत राहिली. फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना बाहेर काढले. आवटी त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले.

मणक्यात धातू बसवून घेतलेले टॉमी २०२२मध्ये पुन्हा याच शर्यतीला उभे राहिले, ‘बायनात’ नावाच्या दुसऱ्या बोटीतून. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर २७ एप्रिल २०२३ला पहिल्या आल्या. जगाला फेरी घालणारी अशी एकेरी शर्यत जिंकणारी ही पहिली स्त्री. टॉमी दोन दिवसांनी दुसरे. सोळा जणांत पूर्ण नियमांनिशी पोहोचलेले तिघेच. दिवाडीच्याच कारखान्यातल्या ‘तारिणी’तून २०२४-२५मध्ये नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी चार बंदरांत थांबत जगाची फेरी करून गोव्याला परतल्या. त्यांना तयार केले होते टॉमींनीच.