वारसास्थळांची भेट आणि अभ्यागताची जबाबदारी : तेरच्या संदर्भात

प्रस्तावना :
संरक्षित वारसास्थळ म्हटले की मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर अजिंठा व वेरूळची लेणी उभी राहतात. १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या स्थळांकडे शैक्षणिक सहली नियमितपणे जातात. मात्र लातूर जिल्ह्यातील मुरुड परिसरास तेरणाकाठचे तेर (जि. धाराशिव) अधिक जवळचे आहे. अशा स्थळास भेट देताना कोणती दक्षता आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तेरचे महत्त्व :
तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते, असा उल्लेख आहे. येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या प्रतिमेशी साम्य आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून येथे शासकीय संग्रहालय उभे राहिले. संत गोरोबाकाकांमुळे तेर हे श्रद्धास्थानही आहे.

मातीतील पुरावा :
लेण्यांतील वारसा डोळ्यांना दिसतो. तेरचा बराचसा वारसा पांढरीच्या टेकाडांत दडलेला आहे. उत्खननात वस्तूचा काळ ती ज्या थरात सापडते त्यावरून ठरतो. त्यामुळे खापर, मणी अथवा नाणे आठवण म्हणून उचलून नेल्यास वस्तू उरते, परंतु तिचा इतिहास नष्ट होतो. घरबांधणीसाठी पांढरीची माती नेण्याच्या जुन्या प्रथेमुळेही असेच नुकसान होते.

कायद्याची चौकट :
१८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांना १९५८ चा, तर राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा अधिनियम लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

समारोप :
कायदा सर्वत्र पहारा ठेवू शकत नाही. म्हणून महाविद्यालयांनी सहलीपूर्वी स्थळाची माहिती द्यावी, प्रथम संग्रहालय व नंतर स्थळ दाखवावे आणि आढळलेली वस्तू जागीच ठेवून तिची नोंद व छायाचित्र पुरातत्त्व विभागास कळविण्याची सवय लावावी. जवळचा वारसा जपला तरच दूरच्या वारशाचे मोल कळेल.