पायांचे दुखणे आणि रक्तवाहिन्यांचे विकार

बाजारासाठी चालत निघालेला साठीचा गृहस्थ दोन-अडीचशे पावलांवर थांबतो. पोटरीत गोळा आलेला असतो. चार-पाच मिनिटांत तो ओसरतो, गृहस्थ पुन्हा चालू लागतो आणि जवळजवळ तितक्याच अंतरावर त्याला पुन्हा थांबावे लागते. घरची मंडळी याला वात म्हणतात, शेजारी वयाचा दोष मानतात. तेल चोळले जाते, शेक दिला जातो आणि काही महिने असेच निघून जातात. वस्तुतः ठराविक अंतर चालल्यावर यावे व विसाव्याने जावे, असे दुखणे पायाची रोहिणी अरुंद झाल्याचे लक्षण असते. सांध्यांचे दुखणे इतके नियमाने वागत नाही. कमरेच्या मणक्यात मज्जातंतू दबल्यासही चालताना पाय दुखतात. परंतु त्या रुग्णास बसावे किंवा पुढे वाकावे लागते. रोहिणीच्या रुग्णास नुसते उभे राहूनही आराम पडतो.

हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी, परत आणणाऱ्या त्या नीला. रोहिणीच्या आतील अस्तराखाली चरबीयुक्त थर साचून मार्ग अरुंद झाला, तरी विश्रांतीच्या वेळी स्नायूंना पुरेल इतके रक्त पोहोचते. चालताना गरज अनेक पटींनी वाढते आणि तूट जाणवते. विकार वाढला की पाय रात्री अंथरुणातही ठणकतो. रुग्ण तो खाटेखाली लोंबता सोडून झोपतो, कारण त्यामुळे थोडे अधिक रक्त खाली उतरते. नडगीवरचे केस झडतात, त्वचा चकचकीत व थंड होते, लहानशी ठेच महिनोन्‌महिने भरत नाही. शेवटी बोट काळे पडते. मधुमेही माणसाची संवेदना अगोदरच बोथटलेली असल्याने पुष्कळदा वेदना होतच नाही व न भरणारी जखम हीच पहिली सूचना ठरते. अशा पायास गरम पाण्याचा शेक देणे धोक्याचे आहे. भाजलेले रुग्णास कळत नाही आणि ती जखमही भरत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पावलाच्या वरच्या बाजूची व घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपता येते. घोट्याजवळचा रक्तदाब दंडावरील रक्तदाबाच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरला, तर रोहिणीचा विकार आहे असे मानतात.

हा विकार सामान्यतः उतारवयाचा असला, तरी तिशी-पस्तिशीच्या विडी ओढणाऱ्या पुरुषाची पायाची बोटे काळवंडू लागली, तर निराळ्याच रोगाचा विचार करावा लागतो. न्यूयॉर्कचे डॉ. लिओ ब्युर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले व त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्यांत गुठळ्या होतात. तंबाखूवाचून हा रोग क्वचितच आढळतो. तंबाखू पूर्णपणे सुटली तर तो बहुधा थांबतो. बोट सडण्यापूर्वी सुटली तर पाय वाचण्याची शक्यता फार मोठी असते. दिवसाला दोनच विड्या, ही तडजोड येथे कामाची नाही.

नीलांच्या दुखण्याची तऱ्हा याच्या उलट. ते उभे राहिल्याने वाढते व पाय उंच ठेवल्याने कमी होते. नीलांतील झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसतात, संध्याकाळी पाय जड होतात. दिवसभर फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक, बसवाहक, वाहतूक पोलीस यांना हे अनुभवाने ठाऊक असते. घोट्याच्या आतील बाजूस त्वचा तपकिरी होऊन खाजू लागली, तर तेथे व्रण होण्यापूर्वी उपचार घ्यावेत. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागल्यास रुग्णास आडवे निजवून पाय उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने जागा दाबावी. वर दोरी बांधू नये.

याहून गंभीर प्रकार खोलवरच्या नीलेत गुठळी होण्याचा. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजतो, ऊन लागतो, पोटरी दाबल्यास दुखते. शस्त्रक्रिया, अस्थिभंग किंवा बाळंतपण यांनंतर हा धोका वाढतो. बाळंतिणीला मालीश करण्याची आपल्याकडे रीतच आहे. मात्र असा सुजलेला पाय चोळला, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे ही तिची चिन्हे. पूर्व विदर्भात पायाची सूज म्हटली की हत्तीपाय आठवतो. तो विकार लसिकावाहिन्यांचा असून त्याची सूज महिनोन्‌महिने वाढत जाते, हा फरक ध्यानी घ्यावा.

दोन प्रसंगी मात्र सकाळपर्यंत वाट पाहणे परवडत नाही. पाय अचानक थंड, पांढराफटक व बधिर झाला, तर रोहिणी पूर्ण बंद झालेली असू शकते. साधारण सहा तासांनंतर स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. तसेच तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणे होत. ती दहा मिनिटांत नाहीशी झाली तरी रुग्णास रुग्णालयात न्यावेच. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती बोलावतानाच, रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. औषध द्यावे की नाही, हे डॉक्टर प्रथम तिच्यावरून पाहतात.